गोदामातच मुदत संपली

जुलै २०२५मध्ये अमेरिकी सरकारने दुबईच्या गोदामात पडून राहिलेली सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटे नष्ट करायचे ठरवले. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातल्या उपाशी मुलांसाठी ती घेतली होती. किंमत सुमारे आठ लाख डॉलर. माल सदोष नव्हता, त्याची मुदत टळली होती. जानेवारीत नव्या सरकारने परदेशी मदत रोखली, ती देणारी ‘यूएसएड’ ही संस्था मोडीत काढली आणि माल हलवायची मंजुरी अडकून पडली. जूनमध्ये त्याच गोदामातली ६०० टनांहून अधिक बिस्किटे सीरिया, बांगलादेश आणि म्यानमारसाठी मार्गी लागली. म्हणजे मनावर घेतले तर माल हलत होता.

ज्यांच्यासाठी असा माल घेतात, त्या मुलांची अवस्था एका फितीवर कळते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल पट्ट्यात आला, की मूल तीव्र कुपोषित. मेळघाटातल्या अंगणवाडीताईंनाही ही फीत चांगली ठाऊक आहे. अशा मुलाला बिस्किटे पुरत नाहीत, पण त्याच्यासाठीही उपाय तयार आहे: शेंगदाणे, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वांची पेस्ट. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी. कोपरा फाडायचा, मूल चोखून खाते. पाणी कालवायला नको, चूल नको, फ्रीज नको. पूर्वी औषधी दूध शुद्ध पाण्यात कालवून, दवाखान्यात ठेवूनच द्यावे लागे. एका मुलापाशी आई आठवडेच्या आठवडे अडकायची आणि घरची बाकीची पोरे वाऱ्यावर. १९९०च्या दशकात फ्रान्सच्या आंद्रे ब्रियां या बालरोगतज्ज्ञाने या पेस्टची वाट काढली. गुंतागुंत नसेल तर मुलावर घरीच उपचार करावेत, हे जागतिक आरोग्य संघटना आणि ‘युनिसेफ’ने २००७मध्ये मान्य केले. दीडशेच्या आसपास पाकिटांत, सहा-आठ आठवड्यांत बहुतेक मुले सावरतात.

पण उपाय तयार असला तरी तो मुलांपर्यंत पोचावा लागतो. सुदानमध्ये एल-फाशर शहराजवळच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४मध्ये दुष्काळ जाहीर झाला. वेढ्यामुळे तिथे ट्रक पोचत नव्हते. वर्षभराने गाझात तीच घोषणा झाली. तिथे मदत सीमेवरच अडवली जात होती. या दोन्ही ठिकाणी बंदुका आडव्या आल्या आणि त्याचा जाब त्या धरणाऱ्यांना द्यावाच लागेल. दुबईत मात्र ना वेढा होता ना बॉम्बवर्षाव. तिथे विमानतळ होता, बंदर होते आणि माल मागणाऱ्या संस्था होत्या. नव्हती ती फक्त एक सही.

अमेरिकेच्या करदात्यांचा पैसा कुठे खर्च व्हावा, हे त्यांनी निवडलेले सरकार ठरवणार, हे मान्य. पण हा पैसा खर्च होऊन चुकला होता. वर माल नष्ट करायला आणखी खर्च. म्हणून मदत देणाऱ्या प्रत्येक सरकारने, भारतानेही, खरेदीच्या करारातच एक कलम घालावे: मुदत संपायला सहा महिने उरले आणि माल गोदामातच असला, तर त्याचा ताबा आपोआप जागतिक अन्न कार्यक्रमाकडे किंवा ‘युनिसेफ’कडे जाईल. त्यासाठी नव्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये, आणि सरकार बदलले तरी हे कलम रद्द होऊ नये.