परीक्षेचे गुण व नोकरी

निकालाच्या दिवशीं एक पालक आमच्याकडे आले. धाकट्या चिरंजीवांची गुणपत्रिका हातांत होती. परंतु त्यांचें चित्त थोरल्याकडे लागलें होतें. थोरला चार वर्षें पुण्यास राहून स्पर्धापरीक्षा देत आहे. त्याच्या खोलीभाड्यासाठीं, खानावळीसाठीं व शिकवणीच्या वर्गासाठीं घरची एक एकर जमीन गेली, व आतां दुसरीचा विचार चालला आहे. त्यांनीं विचारिलें, “गुरुजी, नोकरीला मार्कच बघतेत, का माणूस बी बघतेत?” प्रश्न साधा होता, पण त्याचें उत्तर एका वाक्यांत देणें त्या वेळीं आम्हांस साधलें नाहीं. म्हणून येथें तें विस्तारानें देत आहों.

जें खरें आहे तें आधीं आडपडदा न ठेवतां सांगितलें पाहिजे. सरकारी नोकरींत गुण बघतात, आणि पुष्कळ ठिकाणीं गुणांवांचून दुसरें कांहींच बघत नाहींत. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ व गट ‘ब’मधील अराजपत्रित जागांच्या मुलाखतीच बंद केल्या. तलाठी काय किंवा बँकेंतील कारकून काय, त्यांची निवड लेखी परीक्षेच्या गुणांवरच होते.

यावर कित्येक सुशिक्षित गृहस्थ नाक मुरडतात व म्हणतात कीं, गुण म्हणजे केवळ घोकंपट्टी. त्यांना आम्हांस इतकेंच विचारावयाचें आहे: गुण नकोत, तर मग काय हवें? ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानींत मुलकी अधिकाऱ्याची जागा कंपनीच्या डायरेक्टरांच्या शिफारशीनें मिळत असे. १८५३ च्या सनदी कायद्यानें ती वाट बंद झाली, व १८५५ सालीं लंडनमध्यें खुली परीक्षा सुरू झाली. सातासमुद्रांपलीकडील ती परीक्षा आपल्या लोकांस दुर्गमच होती. तथापि दार परीक्षेचें होतें म्हणूनच १८६३ सालीं सत्येंद्रनाथ ठाकूर आंत शिरूं शकले, आणि १९१८ सालीं आपले चिंतामणराव देशमुख त्याच परीक्षेंत पहिले आले. त्यांना चिठ्ठी कोणत्या डायरेक्टरानें दिली असती? कंधारच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाचा मामा मंत्रालयांत बसलेला नसतो. त्याच्यापाशीं शिफारसपत्र एकच, आणि तें म्हणजे त्याची गुणपत्रिका. तें त्याच्या हातून काढून घेण्याची भाषा ज्यांच्या घरीं वशिला आहे त्यांनीं खुशाल करावी. आम्ही करणार नाहीं.

परंतु गुण ही काय वस्तु आहे, हेंहि नीट समजून घेतलें पाहिजे. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत तलाठ्यांच्या भरतीची परीक्षा झाली. जागा सुमारें साडेचार हजार, आणि अर्ज दहा लाखांवर. इतक्या उमेदवारांस एकाच वेळीं बसविणें अशक्य. म्हणून अनेक दिवस, अनेक सत्रांत, निरनिराळ्या प्रश्नपत्रिका देऊन परीक्षा घेतली. पुढें गुणवत्ता यादी लागली तेव्हां कोणास दोनशेपैकीं दोनशें चौदा गुण मिळालेले दिसले! गांवोगांवीं हंशा पिकला. कित्येकांस संतापहि आला. वस्तुतः त्यांत एक हिशेब होता. आठवडी बाजारांत दोन व्यापाऱ्यांचे तराजू सारखे नसले, तर एकाचें वजन दुसऱ्याच्या वजनाशीं पडताळून घ्यावें लागतें. त्याचप्रमाणें कठीण सत्रांत बसलेल्यांचे गुण वाढवून व सोप्या सत्रांतील कमी करून सर्वांस एका मापावर आणावें लागतें. यास गुणांचें सामान्यीकरण म्हणतात. हिशेब योग्य होता असें मानलें, तरी त्यावरून एक गोष्ट उघड झाली. आपण ज्या गुणास सोन्याच्या तोळ्याप्रमाणें पवित्र मानतों, तो एक अंदाज आहे. अर्ध्या गुणानें वर गेलेला उमेदवार अर्ध्या गुणानें खालीं राहिलेल्याहून थोर असतो असें नव्हे. रांग कोठें तरी तोडावी लागते, म्हणून ती तेथें तोडलेली असते.

शिक्षकांच्या भरतीसाठीं २०१७ पासून आपल्या राज्यांत अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी घेतली जाते. तींत दोनशें प्रश्न व वेळ दोन तास. म्हणजे एका प्रश्नास छत्तीस सेकंद. त्वरित विचार करण्याची शक्ति यांत कळते, याबद्दल वाद नाहीं. पण पहिलीच्या वर्गांत आईसाठीं रडणाऱ्या पोरास जवळ घेऊन अक्षर कसें गिरवावयास लावावें, हें त्या छत्तीस सेकंदांत कसें कळणार? याउलट पोलीस शिपायाच्या भरतीकडे पाहा. तेथें शंभर गुणांचा लेखी पेपर आहेच. शिवाय धांवण्यास व गोळाफेकीस पन्नास गुण आहेत. आमच्या गांवचे तरुण भल्या पहाटे रस्त्यानें धांवतांना दिसतात ते त्याचसाठीं. ज्या कामास माणूस घ्यावयाचा त्या कामाचा थोडा अंश त्याच्याकडून करवून पाहावा, हें तत्त्व जुनेंच आहे. अरविंद घोष यांनीं मुलकी अधिकाऱ्यांची लेखी परीक्षा दिली. पण घोड्यावर बसण्याच्या परीक्षेस ते गेले नाहींत, म्हणून १८९२ सालीं त्यांस वगळण्यांत आलें, व पुढील वर्षीं ते बडोद्यास सयाजीरावांच्या चाकरींत आले. आज त्या घोड्याचें हंसूं येईल; परंतु त्या काळीं जिल्ह्याचा कारभार खोगिरावर बसूनच होत असे.

तेव्हां आमचें मत असें कीं, दाराशीं गुण असावे, आणि आंत गेल्यावर काम पाहावें. शिक्षक नेमावयाचा तर गुणानुक्रमें आलेल्यांस एक एक पाठ खऱ्या वर्गांत, खऱ्या मुलांपुढें, पालकांच्या देखत घेण्यास लावावें. बंद खोलींतील मुलाखत आम्हांस नको, कारण वशिला आणि पाकीट तेथेंच येऊन बसतात. लेखी परीक्षाहि सोंवळी राहिलेली नाहीं, हें मान्य. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेंतील गैरप्रकारांबद्दल सात हजारांवर उमेदवारांवर कारवाई झाली. पण म्हणून परीक्षाच टाकावी काय? चोर शिरला म्हणून कोणी घर पाडीत नाहीं, कुलूप बदलतो.

याच पात्रता परीक्षेसंबंधीं सर्वोच्च न्यायालयानें १ सप्टेंबर २०२५ रोजीं निकाल दिला. निवृत्तीस पांच वर्षांहून अधिक अवधि असलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनीं ती दोन वर्षांत उत्तीर्ण झालें पाहिजे, असा तो निकाल. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे सोपविला. कायदा आहे, व तो पाळला पाहिजे. तरीहि ज्यानें वीस वर्षें खडू झिजविला त्याचें मोल दीडशे प्रश्नांनीं करणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. नवख्याजवळ दाखविण्यास काम नसतें, म्हणून त्याचे गुण पाहावे. जुन्याचें काम डोळ्यांपुढें असतां गुण कशास?

राहिला त्या पालकांचा प्रश्न. तलाठ्याच्या एका जागेमागें दोनशेंहून अधिक अर्ज होते. म्हणजे मागें राहिलेल्यांत शेंकडों मुलें हुशारच असलीं पाहिजेत. म्हणून परीक्षा किती वेळां द्यावयाची तें पहिल्याच वर्षीं बापलेकांनीं समोरासमोर बसून ठरवावें, आणि सोबत एखादें दुसरें काम शिकत राहावें. खासगी धंद्यांत पहिली नोकरी लागल्यावर गुण क्वचितच विचारतात. पूर्वीं काय केलें तें विचारतात. आणि चार वर्षें रिकामा राहिलेला रकाना तेथें नडतो.

हें सर्व आम्हीं पुढें एकदां बाजाराच्या दिवशीं त्या पालकांस सांगितलें. त्यांनीं मध्यें एक शब्दहि न बोलतां ऐकून घेतलें. मग पिशवी उचलली व बसस्थानकाकडे वळतां वळतां म्हणाले, “थोरला पोळ्याला येतोय, गुरुजी. जमिनीचं तवर थांबवतो.”