काळ कुणाच्या बापाचा?

माझं भांडण दोघांशी आहे. नावं घेत नाही. नावं घेतली की मुद्दा बाजूला पडतो आणि माणसं उगाच मोठी होतात.

पहिला एक प्राध्यापक. एका कवितावाचनात अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला. मी रात्रपाळी संपवून, केसातला कापूस झटकून तिथं गेलो होतो. प्रेमाची कविता वाचली. मी रात्रपाळीहून परततो तेव्हा ती कामाला निघते, बसथांब्यावर चार मिनिटं भेट होते, एवढीच कविता. समारोपात सर म्हणाले, प्रेम आणि काळ हे शेक्सपिअरच्या सुनीतांचे चिरंतन विषय आहेत, तुम्ही लोकांनी आपली वेदना लिहावी, ती तुम्हांला अस्सल साधते. टाळ्या पडल्या.

दुसरा आपलाच. माझ्याआधी चळवळीत आलेला, मी त्याला दादा म्हणतो. विहारातल्या रविवारच्या बैठकीत त्यानं तीच कविता ऐकली आणि म्हणाला, "प्रेमबीम नंतर बघू, आधी लढा. आणि तो शेक्सपिअर म्हंजे साहेबांचा बामण. टाक चुलीत."

च्यायला! एकानं आतून कडी लावली, दुसऱ्यानं बाहेरून. पण दोघांचं म्हणणं एकच आहे. प्रेम आणि काळ या गोष्टी आमच्या नाहीत.

मग मी ती सुनीतं वाचायला घेतली. रद्दीच्या दुकानातून पुस्तक आणलं, शेजारी डिक्शनरी. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. १५४ सुनीतांना दीड वर्ष लागलं. कॉलेजात मी गेलो नाही, तेव्हा माझ्या वाचण्यात चुका असतील. त्या दाखवा. पण मला जे दिसलं ते आधी ऐका.

सर ज्याला चिरंतन म्हणतात तो काळ सुनीतात कसा येतो? हातात विळा घेऊन येतो. गालाचा रंग कापतो, कपाळावर नांगर चालवतो. म्हंजे काळाला चेहरा आहे, हातात हत्यार आहे. आणि पुढं बघा, त्याच्याकडं वहीखातंसुद्धा आहे. अठराव्या सुनीतात उन्हाळा भाडेपट्ट्यावर आहे आणि पट्ट्याची मुदत थोडी आहे. चौथ्यात निसर्ग सौंदर्य देत नाही, उसनं देतो आणि शेवटी हिशेब मागतो. तिसाव्यात आठवणींचं कोर्ट भरतं आणि एकदा फेडलेलं दुःख पुन्हा फेडावं लागतं. एकशे चौतिसाव्यात तर माणूसच गहाण पडलाय. हे शब्द कुठून आले? शेक्सपिअरचा बाप स्ट्रॅटफर्डला हातमोजे करणारा. बेकायदा व्याज घेतलं म्हणून १५७० साली त्याच्यावर खटले झाले होते. हा कवी व्याज, मुदत, गहाणखत घरातच शिकला. त्याच्या कवितेतला काळ आकाशातून पडलेला नाही, तो सावकाराच्या ओट्यावर बसलाय. सर, तुम्ही त्याला उचलून देव्हाऱ्यात ठेवला.

आता पहिली सतरा सुनीतं. ती एका देखण्या, बड्या घरच्या तरुणाला सांगतात: लग्न कर, मूल जन्माला घाल, नाहीतर तुझं रूप तुझ्याबरोबर मातीत जाईल. काळावर पहिला इलाज काय, तर वारस! रूप टिकवायचं कुणाचं? घर टिकवायचं कुणाचं? शेतावर राबणाऱ्या पोराला कुणी चौदा ओळी लिहून सांगितलं नाही की बाबा रे, तुझं रूप जगात राहिलं पाहिजे. आपल्याला ही भाषा ओळखीची वाटली पाहिजे. १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यानं. म्हंजे प्रेम कुणाचं कुणावर बसावं आणि कुणाचं रक्त पुढं जावं, हा खासगी मामला कधीच नव्हता. इंग्लंडात जात नव्हती, घराणं होतं. पण वारसाचा हिशेब तोच.

या तरुणाबद्दल सर वर्गात गप्प बसतात. पहिली १२६ सुनीतं त्याच्याभोवती फिरतात, एका पुरुषानं पुरुषावर केलेल्या प्रेमाची आहेत. १६४० साली जॉन बेन्सन नावाच्या प्रकाशकानं ती पुन्हा छापताना काही ठिकाणी 'तो' ची 'ती' करून टाकली. प्रस्थापितांची चिरंतनता अशी असते. आधी सोवळं नेसवायचं, मग आरती करायची.

दादा, आता तू ऐक. सत्तावन्नावं सुनीत वाचताना मी मशीनजवळ हबकून उभा राहिलो होतो. कवी म्हणतो, मी तुझा गुलाम. तुझी मर्जी होईल तोवर थांबणं, यापलीकडं मला काम काय? घड्याळाकडं बघत बसायचं आणि तक्रारसुद्धा मनात आणायची नाही. सर म्हणतील, ही प्रेमाची पराकाष्ठा. मला चावडी दिसली. वतनातला महार रात्रंदिवस सरकारचा आणि गावाचा बांधलेला. हाक आली की जायचं, तो नसला तर घरच्यानं जायचं. त्याच्या वेळेवर त्याची मालकी नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं. कनिष्ठ गाववतनं कायद्यानं गेली ती १९५८ साली, त्यांच्या माघारी. गुलाम ही आपल्याकडं उपमा नव्हती.

पण शेक्सपिअरलाही ती नुसती उपमा नव्हती, हे मला मागाहून समजलं. १५७२ च्या कायद्यानं कुणा उमरावाचा आश्रय नसलेला नट म्हंजे भटक्या, सापडला तर फटके. हा माणूस आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या नावाखाली नाटक करत होता. एकशे अकराव्या सुनीतात तो आपल्या धंद्याची लाज सांगतो आणि रंगाऱ्याच्या हाताची उपमा देतो. रंगखात्यात काम केलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. साबण लावला तरी नखातला रंग जात नाही. साहेबांचा बामण म्हणतोस ना दादा, तो धन्याच्या दारात उभा राहिलेला माणूस आहे. सगळाच आपला नाही, पण सगळाच त्यांचाही नाही.

सगळे मात्र सारखे नव्हेत. एडमंड स्पेन्सर घ्या. त्याचं पंचाहत्तरावं सुनीत फार गोड आहे. तो वाळूत प्रेयसीचं नाव लिहितो, लाट येऊन पुसते, पुन्हा लिहितो, पुन्हा पुसतं. ती म्हणते, वेड्या, मीही अशीच पुसली जाणार. तो म्हणतो, माझी कविता तुला अमर करील. १५९५ साली छापलं. आता हा कवी राहायचा कुठं ते सांगतो. आयर्लंडात. १५८० साली तो इंग्रज गव्हर्नरचा सेक्रेटरी म्हणून तिथं गेला. मन्स्टर भागातलं बंड चिरडल्यावर जी जमीन जप्त झाली, तिच्यातली सुमारे ३००० एकर त्याच्या वाट्याला आली. त्या बंडाच्या दुष्काळात माणसं रानातून हातांवर रांगत बाहेर यायची, हाडांचे सापळे झालेली, हे त्यानंच आयर्लंडवरच्या आपल्या गद्य पुस्तकात लिहून ठेवलंय. आणि आयरिश लोकांना वठणीवर आणायला उपासमार कामाला येते, असा त्या पुस्तकाचा सल्ला आहे. १५९८ साली बंडवाल्यांनी त्याचं घर जाळलं.

एका बाईचं नाव पुसू नये म्हणून ज्याचा जीव तुटतो, त्याला मन्स्टरातल्या मेलेल्यांची नावं लिहावीशी वाटली नाहीत. लाटेनं पुसलं तर शोक, भुकेनं पुसलं तर धोरण. सर, हे वर्गात शिकवता का?

आणि अमरत्वाचं ते वचन तरी कुठं खरं झालं? शेक्सपिअरनं त्या तरुणाला किती वेळा बजावलं की माझ्या ओळीत तू जगशील. १६०९ साली पुस्तक निघालं. तो तरुण कोण यावर विद्वान आजही भांडतात. सावळ्या बाईचंही नाव नाही. कवीचं नाव राहिलं. प्रेमातसुद्धा नाव त्याचंच राहतं ज्याच्या हातात लेखणी असते. म्हणून तर आपण लेखणी हातात घेतली.

त्या सावळ्या बाईवर मात्र एक शब्द बोललाच पाहिजे. एकशे सत्ताविसाव्यापासून ती येते. काळ्याला कुणी सुंदर म्हणत नव्हतं, असं तिथंच म्हटलंय. एकशे तिसाव्यात सूर्य, पोवळं, बर्फ, गुलाब या सगळ्या ठेवणीतल्या उपमा कवी फेकून देतो आणि म्हणतो, माझी बाई जमिनीवर चालते, तरी ती मला दुर्मीळ आहे. मराठीत सुनीत आणलं केशवसुतांनी, आणि त्यानंतर किती गोऱ्या, नाजूक प्रेयसी आल्या त्याची मोजदाद नाही. जमिनीवर चालणारी, डोक्यावर पाटी घेतलेली बाई त्यात कुठं होती? पुढं हाच कवी तिला घाणेरडं बोलतो, तेही विसरायचं नाही.

ओठांचं सांगायचं राहिलं. काळ लाल ओठ कोमेजून टाकतो याचं सुनीतात फार दुःख आहे. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात पगार जास्त होता. पण तिथं धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे. आपल्या लोकांचे ओठ त्या सुताला लागले तर बाट होईल, म्हणून त्यांना तिथं शिरू देत नसत. आपली माणसं राहिली रिंगखात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. माझा पणजोबा रिंगवर होता. मी आज दुसऱ्या गावातल्या सूतगिरणीत रिंगवरच आहे. ओठ कोमेजण्याआधीच बाटवणारे ठरवले गेले, त्यांच्या ओठांवर कुणी सुनीत लिहिलं? म्हणून ते आपण लिहायचं. दादा, यात लढा नाही असं तू कसं म्हणतोस?

काळाशी दोन हात करायला या कवींनी कवितेची शेवटची दोन ओळींची जोडी वापरली. बाबासाहेबांनी कायदा वापरला. मजूर खात्याचे सदस्य असताना कारखाना कायद्यात दुरुस्ती करायचं बिल त्यांनी मांडलं आणि १९४६ साली आठवड्याचे ५४ तास ४८ झाले. सहा तास. विळेवाल्या काळाच्या हातातून माणसानं ओढून घेतलेले, माझ्या माहितीतले सगळ्यात खरे सहा तास. त्या तासांत कुणी झोपलं असेल, कुणी रात्रशाळेत गेलं असेल, कुणी बायकोशी बोललं असेल. प्रेमाला आधी वेळ लागतो, आणि वेळ ज्यानं मिळवून दिला त्याच्या चळवळीत प्रेम नंतर बघू म्हणतात! रमाई १९३५ साली गेल्या. पाच वर्षांनी बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे राजकारणाचं जाडजूड पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं त्यांच्या रामूच्या आठवणीला. त्यांनी नंतर बघू म्हटलं नाही.

एका बाईचं सांगून थांबतो. एलिझाबेथ बॅरेट. अंथरुणाला खिळलेली, मरणाची वाट बघणारी. बापाचा पैसा जमैकातल्या ऊसमळ्यांचा, म्हंजे गुलामांच्या घामाचा. मुलामुलींपैकी कुणीच लग्न करायचं नाही हा बापाचा हुकूम. चाळिसाव्या वर्षी, १८४६ साली, तिनं रॉबर्ट ब्राउनिंगशी चोरून लग्न केलं आणि इटलीला गेली. बापानं वारसा तोडला, तिची पत्रं न फोडता परत पाठवली, मरेपर्यंत तोंड बघितलं नाही. जातीबाहेर लग्न केलेल्या आपल्या पोरींना ही गोष्ट सांगा, त्यांना इंग्रजी येत नसलं तरी कळेल. तिची ४४ सुनीतं १८५० साली आली. पहिल्यातच मागून कुणीतरी केस धरून ओढतं, तिला वाटतं मरण आलं, ते प्रेम असतं. आणि ती अमर करीन असं वचन देत नाही. ती म्हणते, माझ्या हसण्यावर, बोलण्यावर प्रेम करू नकोस, ते बदलेल. बदलेल हे धरून प्रेम कर. ज्या पैशावर ती वाढली त्याच्याविरुद्धही ती उभी राहिली. पळालेल्या गुलाम बाईच्या तोंडून तिनं लांब कविता लिहिली.

त्याच जमैकात जन्मलेला क्लॉड मके पुढं अमेरिकेत रेल्वेच्या डब्यात वेटर होता. १९१९ साली गोरे जमाव काळ्यांना मारत सुटले, तेव्हा त्यानं हीच चौदा ओळींची चौकट घेतली आणि लढून मरण्याची कविता लिहिली. तेराव्या शतकात सिसिलीच्या दरबारात जन्मलेली चौकट, रेल्वेच्या वेटरनं उचलली. परवानगी मागितली नाही.

सर, तेव्हा चिरंतनाचा मक्ता तुमचा नाही. दादा, चुलीत टाकण्याआधी वाचून बघ, जळण म्हणूनसुद्धा काय जळतंय ते माहीत पाहिजे.

शेक्सपिअरचं एकशे सव्विसावं सुनीत बाराच ओळींचं आहे. त्यात कवी कबूल करतो की निसर्गालाही काळाचा हिशेब चुकता करावा लागेल, तो तरुणही जाईल. १६०९ च्या पुस्तकात पुढच्या दोन ओळींच्या जागी नुसते कंस छापलेत. आत काही नाही. वारस झाला, अमरत्वाचं वचन झालं, शेवटी कंस रिकामे.

उद्या माझी दुसरी पाळी आहे. सकाळ मोकळी. ती बसथांब्यावर येईल, चार मिनिटांऐवजी आज अर्धा तास मिळेल असं म्हणाली आहे. त्यावर मी लिहिणार आहे, चौदा ओळीत बसलं तर बसलं. ज्याला छापायचं नसेल त्यानं छापू नये.

जय भीम.