सातपुड्यातली शाळा आणि शब्दांचे भांडवल

जून २०२५ च्या अखेरीस राज्य सरकारला इयत्ता पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकविण्यासंबंधीचे शासननिर्णय मागे घ्यावे लागले आणि त्रिभाषा सूत्राचा प्रश्न डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपविला गेला. त्याआधीच्या दोन-अडीच महिन्यांत सभांतून, वृत्तपत्रांतून आणि चौकाचौकांतून एक युक्तिवाद पुनःपुन्हा ऐकू येत होता. सहा वर्षांच्या मुलावर घरात बोलल्या न जाणाऱ्या भाषेचे ओझे लादू नये, आधी मातृभाषेची बैठक पक्की होऊ द्यावी, मग इतर भाषा सुखाने येतील, असा तो युक्तिवाद होता. तो सर्वस्वी योग्य होता आणि भाषाशिक्षणाच्या शास्त्राला धरूनही होता. परंतु तो हिरिरीने मांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ह्याच राज्याच्या वायव्य कोपऱ्याची आठवण झाली असेल. तिथे हजारो मुलांच्या बाबतीत घरात बोलली न जाणारी ही भाषा म्हणजे मराठीच होय.

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. साक्षरतेचे प्रमाण राज्यात ८२ टक्के असताना येथे ते ६४ टक्के होते. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगराळ भागात पावरी व भिली, नवापूरकडे मावची व कोकणी, इतरत्र देहवाली, आणि तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी व गुजरी अशी ही भाषांची वस्ती आहे. अहिराणी घरातून येणारे मूल मुलाला ‘आंडोर’ आणि मुलीला ‘आंडेर’ म्हणत असले, तरी त्याच्या बोलीपासून पाठ्यपुस्तकाच्या मराठीपर्यंत एक पायवाट तरी आहे. पावरी मुलाला ती नाही. ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिल्ल भाषांवरील खंड १९०७ साली प्रसिद्ध झाला. ह्या भाषांचे नाते गुजरातीशी अधिक जवळचे आहे, असे त्यात नोंदलेले आहे. तरीही शिक्षणखात्याच्या बोलण्यात त्या सरसकट ‘मराठीच्या बोली’ ठरतात. मुलाला मराठी थोडीफार येतच असणार, ही समजूत त्यातूनच निर्माण होते आणि पुढचे सारे बिघडते.

मूल शब्द कसे शिकते, ह्याविषयी गेल्या अर्धशतकात पुष्कळ संशोधन झाले. त्यातला एक साधा प्रयोग सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट ह्या संशोधिकांनी १९७८ साली प्रसिद्ध केला. बालवाडीच्या शिक्षिकेने तीन-चार वर्षांच्या मुलांना सहज जाता जाता सांगितले, की तो ‘क्रोमियम’ ट्रे घेऊन ये. निळा नको, क्रोमियम आण. ट्रे होता हिरवट रंगाचा, आणि हा शब्द मुलांनी ह्या अर्थाने कधी ऐकलेला नव्हता. मुलांनी बरोबर ट्रे आणला. एवढेच नव्हे, तर एकदाच कानी पडलेल्या त्या शब्दाची काही ना काही खूण पुढे कित्येक दिवस अनेकांच्या मनात राहिली. बालमनाच्या ह्या झेपेचे कौतुक सर्वांनीच केले. पण त्यातली मेख सहसा सांगितली जात नाही. मुलांना तो एक शब्द उमगला, कारण वाक्यातले बाकीचे सारे शब्द त्यांना येत होते. ‘आण’ कळत होते, ‘निळा’ कळत होते, ‘नको’ कळत होते. ओळखीच्या दहा शब्दांच्या घोळक्यात एक अनोळखी शब्द आला, तर मूल त्याला पटकन आपलेसे करते. दहाच्या दहा अनोळखी असतील, तर धरायचे कशाला?

वाचनाविषयीची गोष्टही अशीच आहे. हू आणि नेशन ह्या अभ्यासकांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले, की कुणाच्या मदतीवाचून मजकूर नीट समजायचा, तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी चालतो. हे प्रमाण ८० टक्क्यांवर आले, तेव्हा पुरेसे आकलन कुणालाच झाले नाही. आता धडगाव किंवा मोलगीच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरच्या पहिलीच्या वर्गात पन्नास शब्दांच्या धड्यातले किती शब्द मुलाच्या ओळखीचे असतील, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मूल अक्षरे जुळवते, ‘विहीर’ हा शब्द मोठ्याने वाचतेही. पण त्या ध्वनीमागे त्याच्या मनात कोणतेही चित्र उभे राहत नाही. ‘निपुण भारत’ योजनेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट आहे. मिनिटे घड्याळावर मोजता येतात. अर्थ मोजणे तितके सोपे नसते. म्हणून प्रत्यक्षात मोजमाप वेगाचेच होण्याचा धोका राहतो.

मराठी वाचनाविषयीचा पुरावा महाराष्ट्रातच मिळालेला आहे. वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षांचा अभ्यास शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्याचा अहवाल २०१७ साली आला. तिसरी संपत आली तरी अनेक मुले साधा मजकूर वाचू शकत नव्हती. वर्गातला बराच वेळ अक्षरे गिरवण्या-घोकण्यात जात होता, आणि मुलांचे घर, बोली व अनुभव ह्यांना वर्गात फारसा शिरकाव नव्हता, असे त्यात दिसून आले. वाडा काही सातपुड्याइतका दुर्गम नव्हे.

ह्या साऱ्याला एक सोयीचे उत्तर देण्यात येते. ‘घरी शिक्षणाचे वातावरण नाही, मुलांपाशी शब्दच नाहीत.’ ह्या उत्तरालाही संशोधनाचा टेकू मिळाला होता. हार्ट आणि रिस्ली यांनी १९९५ साली अमेरिकेतील कॅन्सस येथील अवघ्या ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून असा अंदाज बांधला, की चौथ्या वर्षापर्यंत गरीब घरातले मूल सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते. तो आकडा जगभर गाजला. परंतु स्पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली ह्याला आव्हान दिले. मुलाशी थेट बोललेलेच शब्द का मोजावेत, भोवतीची माणसे आपापसांत बोलतात ते मुलाच्या कानी पडत नाही काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो मोजला, की गरीब घरेही बोलकी ठरतात. एकाच छपराखाली आजी-आजोबा, काका-काकू आणि पोरेसोरे नांदणाऱ्या डोंगरातल्या घरांना तर हे अधिकच लागू पडते. मोहाची फुले वेचण्याचा हंगाम, आमचूर करण्यासाठी कैऱ्या चिरून वाळवणे, होळीची तयारी, गुरांची दुखणी, रानातल्या झाडांची पारख ह्या सर्वांचा शब्दसंग्रह सहा वर्षांच्या मुलापाशी असतो. शाळेच्या दारात तो शून्य धरला जातो, इतकेच. चालू नाणे घेऊन बाजारात आलेल्या माणसाला ‘हे येथे चालत नाही’ म्हणून परत पाठवावे आणि मग त्याचीच गणना निर्धनांत करावी, असा हा व्यवहार आहे. नंदुरबारच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना ज्या विद्यापीठाची पदवी मिळते, त्याला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. त्या शाळेत गेल्या नव्हत्या आणि त्यांची गाणी प्रमाण मराठीत नाहीत, ह्याचा विसर पडू नये.

आता आक्षेपांकडे वळले पाहिजे, कारण ते पोकळ नाहीत. मुलांना पावरीत शिकवून त्यांची नोकरीची वाट बंद करणार काय, असा पालकांचाच सवाल असतो. तलाठ्यापासून बँकेपर्यंत सारा व्यवहार मराठीत आणि वरचा इंग्रजीत चालतो, हे पालकांना विद्वानांपेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. मराठी आलीच पाहिजे, उत्तम आली पाहिजे, ह्याबद्दल वाद नाही. वाद वाटेचा आहे. जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला विचार असा, की एका भाषेत पक्की झालेली संकल्पना दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावी लागत नाही. तिथे केवळ नवे नाव हवे असते. त्यांचेच दुसरे निरीक्षण असे, की नव्या भाषेत रोजचे बोलणे दोनेक वर्षांत जमते, परंतु अभ्यासाची भाषा अंगवळणी पडायला पाच किंवा अधिक वर्षे लागतात. ‘पोरगा मराठी बोलतो की’ असे म्हणून गुरुजी निश्चिंत होतात आणि ‘अपूर्णांक’, ‘परिमिती’, ‘तुलना’ ह्या शब्दांपाशी तोच पोरगा पाचवीत अडतो, ह्याचा उलगडा येथे होतो. बाजारात चारोळी तोलून विकणाऱ्या आईबरोबर बसलेल्या मुलाला अर्धा आणि पाव कळतो. ते त्याच्या भाषेत एकदा वर्गात बोलले गेले, तर ‘अपूर्णांक’ हे त्याचे केवळ नवे नाव होईल.

इतक्या बोलींत पुस्तके कुठून आणायची, हा दुसरा आक्षेप. जिल्ह्यात बोली अनेक आहेत, पण एका पाड्यावर बहुधा एकच असते. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांतून बहुभाषिक शिक्षणास आरंभ केला, पुढे ती संख्या वाढविली. महाराष्ट्रातही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलेले काम आदिवासी मुलाच्या परिसरालाच शाळा मानून झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. कायदाही आड येत नाही. घटनेतील ३५०अ हे कलम १९५६ पासून आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम सांगितले आहे. दर्जाचा मात्र प्रश्न आहे. संथाळी (७३ लाख भाषिक) आणि बोडो (सुमारे १५ लाख) २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या. २०११ च्या जनगणनेत एक कोटी चार लाख भाषिक असलेली भिली-भिलोडी बाहेरच राहिली.

परंतु पुस्तकांपेक्षा निकड आहे ती शिक्षकाची. अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांच्या जागा शंभर टक्के स्थानिक जमातींसाठी राखण्याचा आंध्र प्रदेशाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रद्द ठरविला. तेव्हा केवळ जन्मावर आधारलेला मार्ग अडचणीचा आहे. भाषेच्या ज्ञानाची अट ही वेगळी गोष्ट आहे. ती शैक्षणिक पात्रता आहे आणि सहा महिने मन लावून शिकल्यास परजिल्ह्यातून आलेल्या शिक्षकालाही ती मिळविता येईल. त्यासाठी वेतनवाढ द्यावी लागली, तरी तिसरीत पोहोचूनही न वाचणाऱ्या मुलांवर होणाऱ्या खर्चापुढे तो खर्च किरकोळ ठरेल. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर गुजरातेत जाणारी मुले होळीला परततात, तेव्हा शाळेत मिळालेली थोडी मराठीही विरून गेलेली असते. अशा मुलांना पुन्हा वर्गात बसते करायचे, तर त्यांच्याशी त्यांच्या भाषेत दोन वाक्ये बोलू शकणारा माणूस वर्गात हवा. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या आता संगणकावर होतात. सेवेची वर्षे, अवघड क्षेत्र, आजारपण, पती-पत्नींची सोय अशा अनेक बाबी त्यात तपासल्या जातात. शिक्षकाला पावरी येते की मावची, ह्यासाठी त्या अर्जात अजून एखादा रकाना वाढवायचा आहे.