आधी तपासणी, मग क्रेन

उन्हाळा सरत आला की पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर यांत्रिक करवतीचा आवाज सुरू होतो. वळवाच्या वाऱ्याने झाड पडून रस्ता अडण्याआधी, वीज जाण्याआधी फांद्या उतरवण्याची घाई असते. ही घाई अनाठायी नाही. अकोला जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ रोजी वादळी पावसात कडुनिंबाचे जुने झाड मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि सात जणांचा जीव गेला. मात्र एखादे झाड धोकादायक आहे, हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न या घाईत मागे पडतो.

नुसती उंची हा दोष नव्हे. वर्षानुवर्षे कललेले झाडही तो भार पेलण्यासाठी वेगळ्या घडणीचे लाकूड तयार करते. काळजी करायची ती अचानक कललेल्या झाडाची. बुंध्याजवळची माती उचलली जाणे किंवा तिला भेग पडणे, खोडाच्या तळाशी अळंबी उगवणे, ढोली, वाळलेल्या जाड फांद्या, दोन खोडांच्या अरुंद बेचक्यात अडकलेली साल ही खरी लक्षणे. लाकडी हातोडीने खोड ठोकल्यास पोकळ भाग आवाजातून कळू शकतो. शिवाय झाडाखाली कोण असते, हेही पाहावे लागते. मोकळ्या माळावरचे पोखरलेले झाड आणि बसथांब्यावरचे तसेच झाड यांतला धोका सारखा नाही. कधी झाड तोडण्याऐवजी त्याखालची टपरी किंवा वाहनतळ हलवणे पुरते.

बऱ्याच झाडांचे दुखणे मुळांशी असते. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या सुमारे मीटरभर थरात पसरतात आणि पानांच्या घेराबाहेरही जातात. केबल, जलवाहिनी किंवा गटारासाठी खोदलेला चर ती तोडतो. बुंध्यापर्यंत भिडलेले काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक त्यांचे हवा-पाणी तोडतात. वरून हिरवेगार दिसणारे झाड मग एका वाऱ्यात आडवे होते. झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी दिला, तो याच कारणाने. मूळचा मादागास्करचा, ठिसूळ लाकडाचा गुलमोहर रस्त्याकडेला असेल, तर हा प्रश्न अधिकच गंभीर होतो.

छाटणीचेही शास्त्र आहे. माणसाची जखम भरते, तशी झाडाची भरत नाही. झाड जखमेभोवती भिंत उभारून कूज आतच कोंडते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी दाखवून दिले. म्हणून फांदी तिच्या मुळाशी असलेल्या फुगीर कडेच्या अगदी बाहेर कापायची असते. शेंडा उडवून झाडाचे मुंडण केले, की उघडे लाकूड कुजू लागते आणि त्याच्या कडेला घाईने धुमारे फुटतात. त्यांचा आधार खोडाच्या बाहेरच्या थरापुरताच असतो. काही वर्षांत ते जड झाले की तेच तुटतात. म्हणजे यंदाची ‘सुरक्षितता’ पुढचा धोका तयार करते.

तपासणीअंती झाड काढणे अटळ ठरले, तर क्रेनचा मोठा उपयोग होतो. फांदी खाली आदळत नाही, भिंती आणि वीजतारा वाचतात, कुजलेल्या फांदीवर माणसाला बसावे लागत नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांत यंत्रे हलवणारी हायड्रा सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र यंत्राचे वजन त्यावरच्या पट्टीवर लिहिलेले असते, फांदीचे काढावे लागते. ६० सेंटिमीटर व्यासाचा, ३ मीटर लांबीचा ओला ओंडका पाऊण टनाच्या आसपास भरतो. क्रेनवर लिहिलेली क्षमता बूम आखूड आणि जवळ असतानाची असते. बूम लांबत जाईल तशी ती झपाट्याने घटते. ‘चौदा टनी’ क्रेन लांबवर एखादा टनही पेलेल, हे भार-तक्ता पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पट्टा ओंडक्याच्या तोलबिंदूच्या वर बांधून आधी ताणायचा आणि मगच कापायचे. पट्टा सैल असताना ओंडका सुटला, तर त्याचा हिसका वजनाच्या कित्येक पट असतो आणि क्रेन उलटू शकते. क्रेनचे चाक किंवा पाय गटाराच्या झाकणावर किंवा नुकत्याच बुजवलेल्या चरावर असेल, तर तीच गत.

करवत धरणाऱ्या माणसाचा जीव तर सर्वांत आधी. हूकला लटकवून माणूस वर चढवणे थांबले पाहिजे. त्यासाठी बकेट असलेली गाडी आहे. महावितरणकडून वीज बंद झाल्याची खात्री, हेल्मेट, सुरक्षापट्टा यांत तडजोड नको. पट्ट्याला निपचित लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते; त्याला काही मिनिटांत खाली आणावे लागते. ती तयारी काम सुरू होण्यापूर्वीच हवी.

महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. परवानगीचा कागद आहे. आता त्यामागे परीक्षा हवी. प्रत्येक धोकादायक झाडाची लक्षणे, छायाचित्र आणि उपाय नोंदवलेला अहवाल नागरिकांना पाहता यावा. निविदेत किती फांद्या उतरवल्या याबरोबर कशा कापल्या आणि कामगार कसे जपले, याचीही अट असावी. पाहणी पावसाळा संपताच व्हावी. मे महिन्यात करवत हाती घेतल्यावर झाड तपासायला वेळ उरत नाही.