विश्लेषण : लॅपटॉपवर वाढवलेली ताकद खान्देशच्या उन्हात टिकेल?

जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर सुपरचार्जर बसवलेली स्पोर्ट्स कार क्वचितच दिसते. टर्बो पेट्रोल मोटारी मात्र आता सर्रास दिसतात आणि त्यांच्यासोबत ‘रिमॅप’ची हौसही आली आहे. लॅपटॉप जोडायचा, आकडे बदलायचे आणि त्याच इंजिनातून जादा ताकद काढायची. हे तंत्र खोटे नाही. पण ते आकडे कोणत्या हवेसाठी आणि कोणत्या पेट्रोलसाठी भरले आहेत, हा खरा प्रश्न आहे.

ईसीयू काय करते?

ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक. इंजिनाचे फेरे, हवेचा दाब आणि तापमान पाहून पेट्रोल किती फवारायचे आणि ठिणगी कधी टाकायची, हे तो ठरवतो. त्यासाठीचा आकड्यांचा तक्ता म्हणजे ‘मॅप’. रिमॅपमध्ये कंपनीच्याच ईसीयूतील तक्ता बदलतात. बाहेरून घेतलेल्या स्वतंत्र ईसीयूत तो नव्याने बांधावा लागतो आणि इंजिन वाचवणाऱ्या मर्यादाही ट्यूनरलाच घालाव्या लागतात.

सुपरचार्जरमध्ये वेगळे काय?

टर्बो इंजिनाच्या धुरावर फिरतो. दाब जास्त झाला तर ईसीयू वेस्टगेट उघडून तो कमी करू शकते. सुपरचार्जर मात्र इंजिनाच्याच बेल्टवर फिरतो. त्याचा दाब मुख्यतः पुलीचा आकार आणि इंजिनाचे फेरे यांवर ठरतो. त्यामुळे इंधन आणि ठिणगीचे आकडे अचूक असणे येथे अधिकच गरजेचे ठरते.

उन्हाचा संबंध कसा?

हवा दाबली की तापते. अर्धा बार दाब वाढवताना ती ढोबळमानाने ५० ते ६० अंशांनी तापते. इंटरकूलर तिला थंड करतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. जानेवारीत उत्तम चाललेला मॅप तेव्हा नॉकिंग करू लागतो, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता आपोआप पेटते. जास्त दाबाखाली हे होत राहिले, तर पिस्टन किंवा हेड गॅस्केट जायला वेळ लागत नाही.

पेट्रोलने काय फरक पडतो?

पंपावरचे पेट्रोल आता बहुतांशी ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते. ई-२०ला सुमारे साडेतेरा. म्हणजेच तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावे लागते. परदेशातून उतरवलेला तयार मॅप हे जाणत नाही. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर अनेक मॅप ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती बाजूला ठेवून तक्त्यावरच चालतात. तेव्हा इंधन कमी पडते आणि इंजिन तापते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पीयूसी मिळाली म्हणून निर्धास्त राहू नये. ती चाचणी उभ्या गाडीवर होते, दाबाखालच्या इंजिनावर नाही. ‘सॉफ्टवेअरच तर आहे’ ही सबबही तोकडी आहे. २०१५ मध्ये उघड झालेला फोक्सवॅगनचा प्रदूषण घोटाळा सॉफ्टवेअरचाच होता आणि त्यात जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्या अडकल्या.

मग करायचे काय?

ट्यूनिंग ही अभियांत्रिकी आहे, तिला विरोध असण्याचे कारण नाही. शर्यतीची गाडी असेल तर ती डायनोवर बांधावी, नॉकिंग आणि इंधनाच्या नोंदी लेखी मागून घ्याव्यात, उन्हाळ्यासाठी ठिणगी मागे घेणारी मर्यादा घातली आहे का, हे विचारावे. जो ट्यूनर फक्त वाढलेल्या हॉर्सपॉवरचा आकडा सांगतो, त्याच्या हाती गाडी देऊ नये. रोजच्या गाडीसाठी वॉरंटी आणि विम्याचा दावा पणाला लावण्यात शहाणपण नाही. परिवहन विभागाची कारवाईही सायलेन्सरच्या आवाजापाशी थांबू नये.

वाहन कंपन्यांना वेग तपासायचा असेल, तर त्यासाठी पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे. लळिंग घाटातून ट्रक, एसटी आणि दुचाकीवरची कुटुंबे जातात. तो रस्ता कुणाच्या मॅपची प्रयोगशाळा होऊ नये.