मागं कोण लावतंय बेल्ट?

जानेवारीपासून हे लिहायचं म्हणत होतो, राहून जात होतं. एक तर यात माझीच लाज निघते. दुसरं म्हणजे आपल्याबद्दल लिहिलेलं आईला आवडत नाही. पण परवा दाजींनी नवी गाडी घेतली आणि फोनवर पहिला प्रश्न काय, तर "सीट कव्हर कुठून बसवलंस रे तू?" मग म्हटलं, आता लिहूनच टाकावं. दाजी, हे मुख्यतः तुमच्यासाठी. बाकीच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही.

आमची गाडी साधीच आहे, छोटी हॅचबॅक. दसऱ्याला घेतली. हिंगोलीचा दसरा म्हणजे काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही, त्यामुळे त्या मुहूर्तावर दारात गाडी आली याचा आनंद किती होता तेही सांगत बसत नाही. आनंद होता एवढं खरं. आणि आनंद झाला की आपण काय करतो? गाडी घेऊन ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो. मीही दुसऱ्याच दिवशी गेलो.

यादी ठरलेलीच. सीट कव्हर, पायाखालच्या मॅट, स्टिअरिंगचं कव्हर, डॅशबोर्डवर चिकटवायला मूर्ती. सीट कव्हर तर आपल्याकडे चैन नाहीच. मे महिन्यात उन्हात तासभर गाडी उभी केली की सीटला हात लावून बघा. शिवाय कंपनीच्या सीटचा रंग फिकट, आणि आमच्या घरात हळदीची पोती जातात-येतात. म्हणजे कव्हर घेण्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

दुकानात मी दोन तास होतो. दोराचा रंग डॅशबोर्डच्या रंगाला जुळतो का ते बघितलं. शिलाई ओढून बघितली. कोपऱ्यात एक सुरकुती राहिली होती, ती काढायला लावली. तीनशे रुपये कमी करून घेतले. म्हणजे मी निष्काळजी माणूस नव्हे, असं माझं त्या दिवशीचं मत होतं.

जानेवारीत आईला घेऊन वसमतला लग्नाला गेलो होतो. परत येताना अंधार पडला. औंढ्याच्या अलीकडे पुढे उसाची ट्रॉली. उसाचे दिवस होते, ट्रॉलीला मागे ना दिवा, ना लाल रिफ्लेक्टर, सगळा काळोखाचाच एक तुकडा. माझा वेग पन्नासच्या आसपास असेल. दिसली तेव्हा ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली. ट्रॉलीला लागली नाही. मी देवाचे आभार मानले आणि मागे वळून बघितलं.

आई दोन सीटांच्या मधे खाली पडली होती. कपाळ पुढच्या सीटच्या हेडरेस्टखालच्या दांडीवर आपटलं होतं. औंढ्यात पट्टी केली, हिंगोलीत येऊन चार टाके घातले. वय चौऱ्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

घरी आल्यावर मी आईवरच चिडलो. (हो, मीच तो.) म्हटलं, "बेल्ट का नाही लावलास?" ती शांतपणे म्हणाली, "दसऱ्यापासून शोधतेय रे. एक टोक सापडतं, दुसरं सापडतच नाही. मला वाटलं मला जमत नाही. तुला नव्या गाडीत कशाला कटकट म्हणून बोलले नाही."

रात्री साडेदहाला बॅटरी घेऊन गाडीत गेलो. मागच्या सीटवर बसलो. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा बसलो, हेही तेव्हाच लक्षात आलं. खांद्यावरून येणारा पट्टा होता. तो ज्यात अडकवायचा ते बकल कुठेच नव्हतं. शेवटी कव्हरच्या खाली हात घातला. तिन्ही बकलं तिथे आडवी झोपलेली होती. एकावर तर कंपनीचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, अर्थातच भांडायला. दुकानदार भला माणूस. आईचं ऐकून त्याला वाईट वाटलं. पण तो जे बोलला ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणाला, "साहेब, आम्ही समद्यांच्याच दाबून टाकतो. वर राहिले की बसताना टोचतात, गिऱ्हाईक बोंबलतं. आन् मागं कोण लावतंय बेल्ट?"

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. दुकानदाराशी नाही.

कारण त्याचं म्हणणं खोटं नाही. आपण मागे बेल्ट लावत नाही म्हणून तो बकलं दाबतो. बकलं दाबलेली असतात म्हणून ज्याला लावायचा आहे त्यालाही लावता येत नाही. आणि मग "कोणीच लावत नाही" हे अजून पक्कं होतं. या चक्रात माझी आई तीन महिने स्वतःला अडाणी समजत बसली होती.

कायद्याचं म्हणाल तर मागच्या सीटवरच्यांनीही बेल्ट लावायचा हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आधीपासून आहे. २०१९च्या सुधारित कायद्यात बेल्ट न लावलेल्या प्रवाशांना नेणाऱ्यालाही हजार रुपये दंड आहे. पण त्याची आठवण देशाला झाली ती ४ सप्टेंबर २०२२ला. त्या दिवशी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, एअरबॅगवाली. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेले दोघे गेले, आणि त्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. आठवडाभर सगळीकडे चर्चा झाली. मग आपण पुन्हा बकलं दाबायला मोकळे.

ताशी पन्नासच्या वेगात गाडी एखाद्या भक्कम गोष्टीवर आदळली, तर बेल्ट नसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जातो. तो वेग म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून म्हणा, खाली पडल्यावर असतो तेवढा. मागचा माणूस नुसता स्वतः आपटत नाही, पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. आम्ही कशावर आदळलोसुद्धा नव्हतो, नुसता ब्रेक लागला होता. तरी चार टाके.

आता मुद्द्याचं सांगतो. त्या रात्रीनंतर मी गाडीत बसवलेली एकेक वस्तू बघत गेलो, आणि एक साधी गोष्ट कळली. गाडीत रिकामी जागा नसते. आपल्याला जी मोकळी दिसते त्या जागेलाही काही ना काही काम असतं. वस्तू बसवताना आपण बघतो ती कशी दिसते. ती जिथे बसवली तिथे आधी काय चालू होतं, हे कोणी बघत नाही.

मूर्तीचंच घ्या. डॅशबोर्डवर डावीकडे छान सपाट जागा, म्हणून तिथे चिकटवली. नीट बघितलं तर त्याच जागेवर एअरबॅग अशी अक्षरं कोरलेली आहेत. ती पिशवी सेकंदाच्या वीस-तिसाव्या हिश्श्यात फुगते, वेग ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटर. तिच्या तोंडावर ठेवलेली वस्तू त्या वेगाने शेजारच्या माणसाच्या चेहऱ्यावर येणार. देवावर विश्वास असणाऱ्यानेच खरं तर त्याला असल्या जागी बसवू नये. आमची मूर्ती आता घरच्या देव्हाऱ्यात आहे, गाडीत छोटा फोटो, झाकणापासून लांब.

सीट कव्हरचंच पुढे. आता बऱ्याच गाड्यांना पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेत एअरबॅग असते. तिथे कापडाची बारीक चिठ्ठी शिवलेली असते. अशा सीटला त्या कडेला उसवेल अशी शिलाई असलेलं किंवा कड मोकळी ठेवणारं कव्हर लागतं. आपण जाड रेक्झिन घट्ट शिवून घेतो, चिठ्ठी आत जाते. दाजी, तुमच्या गाडीला त्या पिशव्या आहेत, जाहिरातीत वाचलंय मी. त्यांचे पैसे तुम्ही मोजलेत. वर आणखी पैसे देऊन त्या बंद करून घेऊ नका.

मॅट तर सगळ्यात बिनमहत्त्वाची वस्तू वाटते ना? २८ ऑगस्ट २००९ला अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एक कुटुंब लेक्ससमधून चाललं होतं. गाडी त्यांची नव्हती, स्वतःची दुरुस्तीला टाकल्यावर डीलरने वापरायला दिलेली. तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती आणि ती खालच्या खटक्यात अडकवलेली नव्हती. ॲक्सिलरेटर मॅटखाली अडकला आणि गाडी थांबेना. चालवणारा महामार्ग पोलिसात होता, म्हणजे वाहन चालवणं हाच ज्याचा धंदा. चौघेही गेले. त्याच गाडीत त्याआधीही एका ग्राहकाचं पेडल तसंच अडकलं होतं आणि त्याने डीलरकडे सांगितलंही होतं. पुढच्याच महिन्यात टोयोटाने तिथल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाच्या पायाखालची मॅट काढून ठेवायला सांगितलं. मी माझी मॅट बघितली. कंपनीच्या मॅटवरच दुसरी टाकलेली, खटका खाली गाडलेला.

पुढच्या लोखंडी गार्डबद्दल तर काय बोलावं. आमच्या रस्त्यांवर दर तिसऱ्या जीपला असतो. टक्कर झाली की गाडीचा पुढचा भाग चेपावा आणि धक्का त्यातच जिरावा अशी ती बनवलेली असते. आपण त्यापुढे लोखंड लावतो, मग धक्का थेट चासीला जातो, एअरबॅगच्या सेन्सरचाही हिशेब बिघडतो. समोर पायी माणूस असेल तर त्याचं काय होत असेल ते सांगायला नको. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की असे गार्ड बेकायदा आहेत, कारवाई करा. गार्ड अजून विकत मिळतात.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे ती क्लिप. बेल्टची टिकटिक बंद व्हावी म्हणून बकलात खुपसायची. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना ती विकायची बंद करायला लावली, तेव्हा १३,११८ ठिकाणची विक्री काढून टाकावी लागली. काही ठिकाणी म्हणे ती बाटली उघडायचं साधन म्हणून विकत होते! बकल चुकून झाकलं गेलं तर त्याला विसरभोळेपणा म्हणता येईल. पैसे देऊन ते मुद्दाम बंद करायचं याला काय म्हणायचं?

यावर आमच्या घरात काय बोललं जाईल ते मला आत्ताच ऐकू येतंय. काका म्हणतील, "आम्ही एका जीपमध्ये चौदा-चौदा जण नरसीला जायचो, काही झालं नाही." काका, झालं नाही ते आज सांगायला बसलेत. ज्यांना झालं ते कुठे येणार सांगायला? आणि दाजी म्हणतील, "एवढं बघत बसलं तर गाडी वापरायची कधी?" दाजी, दोराचा रंग जुळवायला मला दोन तास मिळाले होते. मागच्या सीटवर बसून बेल्ट लावून बघायला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं.

दुकानदाराने काय केलं ते सांगायचं राहिलंच. त्याने कव्हर काढलं, बकलांच्या जागी नीट चिरा दिल्या, कडा शिवल्या, बकलं वर काढली. वीस मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाला, "साहेब, तवाच म्हनले असते तर तवाच दिलं असतं करून."

हेच लागतं मनाला. त्याला येत होतं. त्याच्याकडे कात्री होती, मशीन होतं, वेळ होता. फक्त गिऱ्हाइकाने मागायला हवं होतं, आणि गिऱ्हाईक सुरकुती बघत होतं. तो झाकतो, कारण आपण न झाकलेल्याची तक्रार करतो. म्हणून सुरुवात आपल्याकडूनच व्हायला पाहिजे, उगाच त्याच्या नावाने बोटं मोडून उपयोग नाही.

तर दाजी, कव्हर जरूर घ्या. पण पैसे देण्याआधी गाडीच्या पाचही जागांवर स्वतः बसा आणि पाचही बेल्ट लावून बघा. सीटच्या कडेची चिठ्ठी दिसते का बघा. पाय पेडलवर पूर्ण दाबून सोडा, मॅट सरकते का बघा. डॅशबोर्डवर काही चिकटवायच्या आधी तिथलं वाचा. एवढंच. आणि ताईला, तुमच्या आईला, मागे जे कोणी बसणार त्यांना आपणहून विचारा, बेल्ट लागतो का म्हणून. ती माणसं स्वतःहून सांगत नाहीत.

आई आता बरी आहे. कपाळावर बारीक खूण राहिली आहे. गाडीत बसली की पहिल्यांदा पट्टा ओढते, खट्ट आवाज होतो, आणि म्हणते, "हं, चल आता." तो आवाज आल्याशिवाय मी गाडी सुरू करत नाही.