आफ्रिकेतून जपानकडे

आफ्रिकेतल्या विद्यापीठात जपान अभ्यास संस्था काढायची म्हटली की पहिला आक्षेप ठरलेला असतो. वसतिगृहात पाणी नाही, प्रयोगशाळेत रसायने नाहीत, आणि तुम्हाला जपानचे चोचले सुचतात? आक्षेप ऐकायला गरिबांच्या बाजूचा वाटतो. प्रत्यक्षात तो गरिबाला कुतूहलाचाही हक्क नाकारतो.

जपानने आफ्रिकेचा अभ्यास कधी सुरू केला ते पाहा. जपानी आफ्रिका अभ्यास परिषद १९६४ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी धावू लागलेल्या शिंकान्सेन या वेगवान रेल्वेसाठी जपानने जागतिक बँकेकडून कर्ज काढले होते. पुढे १९८६ मध्ये क्योतो विद्यापीठात स्वतंत्र आफ्रिका अभ्यास केंद्र उभे राहिले. टांझानियातल्या चिंपांझींपासून पशुपालकांच्या नातेसंबंधांपर्यंत जपानी संशोधकांनी काय काय टिपून ठेवले आहे! हा खर्च कोणी चोचल्यात धरला नाही. कैरो विद्यापीठानेही जपानी भाषा-साहित्याचा विभाग १९७४ मध्ये काढला, म्हणजे इस्रायलशी झालेल्या १९७३ च्या ऑक्टोबर युद्धाला पुरते वर्ष होते न होते तेव्हा. आणि मुंबई विद्यापीठाचे आफ्रिका अभ्यास केंद्र १९७१ चे. तेव्हा आपली तिजोरी काही ओसंडत नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चीनने २००५ मध्ये नैरोबी विद्यापीठात आफ्रिकेतली पहिली कन्फ्युशियस संस्था काढली. आता जपानही त्याच वाटेने पैसा पेरणार आणि विद्यापीठ वकिलातीचे प्रचारखाते होणार, असे म्हणतात. भीती खोटी नाही. पण परक्याचा पैसा आला की हात बांधलेच जातात, हेही खरे नाही. घानामध्ये लेगॉनच्या विद्यापीठात जपानी मदतीने १९७९ मध्ये नोगुची स्मारक संस्था उभी राहिली. पीतज्वराचे संशोधन करताना १९२८ मध्ये अक्रा इथे मरण पावलेल्या हिदेयो नोगुची यांचे ते स्मारक. आज ती घानाची संस्था आहे. २०२० च्या कोविड साथीत देशातल्या चाचण्यांचा मोठा भार तिनेच उचलला. अर्थात विषाणूला वकिलात नसते, इतिहासाला असते. म्हणून जपान अभ्यास संस्थेची परीक्षा अधिक कडक हवी.

ती परीक्षा कोणत्या प्रश्नांवर घ्यायची? दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण घ्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वर्णभेदी सरकारने जपानी व्यापाऱ्यांना ‘मानद गोरे’ ठरवले. कारण उघड होते, लोखंडाचे सौदे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या चिनी कुटुंबांना मात्र हा मान नव्हता. जग निर्बंध लादत असताना १९८७ मध्ये जपान दक्षिण आफ्रिकेचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार झाला. आता प्रिटोरिया, म्हणजे त्याच राजवटीची राजधानी. तिथल्या विद्यापीठाने जपान अभ्यास केंद्र काढले ते आपल्या जोहान्सबर्गमधल्या व्यवस्थापन संस्थेत. गुंतवणूक, व्यापार, उत्पादकता हे विषय तिथे शोभतात. पण या व्यापाराचा जुना हिशेब इतिहास विभागाकडेच मागावा लागेल, आणि म्हणून केंद्राचे मूळ घर त्या विभागात हवे होते, असे माझे मत आहे.

इथिओपियाची गोष्ट याहून बोलकी आहे. अडवाच्या लढाईत १८९६ मध्ये इथिओपियाने इटलीला हरवले, १९०५ मध्ये जपानने रशियाला. दोन्ही देशांत सम्राट, दोन्ही गोऱ्यांच्या जगाबाहेरचे. तेव्हा जपानचा कित्ता गिरवावा असे म्हणणारा सुशिक्षितांचा एक गटच अदिस अबाबात तयार झाला. त्यातल्याच तेक्ले हवारियात यांनी १९३१ ची राज्यघटना रचली ती जपानची १८८९ ची मेइजी घटना समोर ठेवून. १९३१ च्याच अखेरीस परराष्ट्रमंत्री हेरुई वोल्दे सेलासी जपानला जाऊन आले आणि त्यांनी भारावून पुस्तक लिहिले.

कलमे आली, कलमांखालची जमीन आली नाही. जपानमध्ये घटनेआधी अठरा वर्षे सरंजामी जहागिऱ्या मोडल्या होत्या. १८७२ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा आदेश निघाला, आणि १८७३ पासून शेतसारा जमिनीच्या किमतीवर, रोखीत घेतला जाऊ लागला. इथिओपियात जमिनीवर सरदारांची आणि चर्चची पकड तशीच राहिली. शिवाय हेरुई जपानमध्ये पाहुणचार घेत होते तेव्हा जपानी सैन्य मांचुरिया गिळत होते. पाच वर्षांनी, १९३६ च्या अखेरीस, जपानने इथिओपियावरचा इटलीचा ताबा मान्य केला; बदल्यात त्याला मांचुरियासाठी इटलीचा पाठिंबा हवा होता. जपानी जनतेची सहानुभूती इथिओपियाकडे होती, पण सहानुभूतीने परराष्ट्रखाते चालत नाही. मेइजी काळाचे कागद मुळातून वाचणारी दहा माणसे अदिस अबाबात असती तर इटलीचे आक्रमण टळले नसते, हे मान्य. निदान कशाची नक्कल करतो आहोत आणि कोणावर विसंबतो आहोत, एवढे तरी दरबाराला कळले असते.

उरला तिसरा आक्षेप, की भाषावर्ग पुरेत. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची गर्दी आपण पाहतोच. त्यातून आयटीत, भाषांतरात नोकऱ्या मिळतात आणि ते चांगलेच आहे. पण भाषा येणे ही अभ्यासाची तयारी झाली. पुढचे काम विद्यापीठानेच करायचे असते.

तेव्हा संस्था जरूर काढावी, जपानी पैसाही घ्यावा. मात्र तो दरवर्षी वकिलातीच्या मर्जीने मिळणाऱ्या अनुदानाच्या रूपात न घेता कायम निधी म्हणून विद्यापीठाच्या नावावर जमा व्हावा. संचालक आणि प्राध्यापक विद्यापीठाने नेमावेत. इतिहास, अर्थशास्त्र आणि भाषा या तिन्ही विभागांचा तिच्यात वाटा असावा. अम्हारिक, स्वाहिली, झुलू या भाषांत जपानवर प्रबंध लिहिण्याची मुभा असावी. ‘मानद गोरे’ आणि मांचुरिया हे विषय पहिल्याच वर्षाच्या अभ्यासक्रमात असावेत. देणाऱ्याला या अटी मान्य नसतील, तर विद्यापीठाने पाटी लावू नये. भाषावर्ग चालवावेत आणि त्यांना भाषावर्गच म्हणावे.